देवाशी घासाघीस

शिकागोच्या ओनील कुटुंबाच्या संडासात, कमोडच्या अगदी वर, मदर मेरीची मूर्ती आहे. ती तिथं भक्तीपोटी ठेवलेली नाही. नवरा आणि दोन मुलगे काम झाल्यावर सीट खाली करत नाहीत, तर निदान देवाच्या आईची तरी लाज वाटू दे, असा घरच्या आईचा हिशोब. ‘द रिअल ओनील्स’ ही विनोदी मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २ मार्च २०१६ रोजी सुरू झाली आणि पहिल्याच भागात ही मूर्ती दिसली. ज्यांना रागवायचं होतं त्यांची सोय झाली. मला मात्र आपल्याकडच्या इमारतींचे जिने आठवले. पानाच्या पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात शंकर, साईबाबा, क्रॉस आणि मक्का अशा फरशा ओळीनं बसवलेल्या असतात. त्याला कुणी धर्मनिंदा म्हणत नाही. देवाला घरकामाला लावणं ही भाविक माणसांची जुनी सवय आहे.

या मूर्तीमागची बाई म्हणजे आयलीन ओनील. मार्था प्लिम्प्टननं ती अशी उभी केली आहे की चार मिनिटांत आपण तिला ओळखतो. सोसायटीतल्या गणपतीच्या वर्गणीपासून शेजारच्या मुलीच्या स्थळापर्यंत सगळ्यात जिचा हात, जिच्या घरी पडदे कायम धुतलेले आणि भांडणं कायम दार लावून, तीच ही. चर्चमध्ये हे कुटुंब आदर्श समजलं जातं. नवरा पोलिसात. थोरला जिमी कुस्ती खेळतो, धाकटी शॅनन हुशार. मधला केनी सोळा वर्षांचा, आईचा लाडका, आणि गे. ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. फक्त येशूला माहीत आहे, कारण येशू त्याला अधूनमधून दिसतो आणि मित्रासारखा सल्ला देतो. बाकी कुणाला तो दिसत नाही.

मग येते चर्चमधली बिंगोची रात्र. अख्खी वस्ती जमलेली, आणि त्या गर्दीत ओनीलांचं एकेक बिंग फुटत जातं. आईवडील घटस्फोट घेणार आहेत. जिमी जेवणच टाळतोय, त्याला खाण्याचा आजार जडलाय. शॅनन दानधर्माच्या नावाखाली पैसे हडपतेय. आणि केनी गे आहे. मला या प्रसंगाची रचना फार आवडते. केनीची गोष्ट एकट्यानं मंचावर येत नाही, चौघांच्या लफड्यांबरोबर एकाच ताटात येते. कॅथलिक वस्तीत आईचा घटस्फोट हा मुलाच्या कबुलीइतकाच मोठा कलंक आहे. त्यामुळे मुलाला नीतीचे पाठ देण्याची आयलीनची पंचाईत होते. ती द्यायला जाते आणि शब्द घशातच अडकतात. मुलाचं हे वारं आहे, ओसरेल, ही आशा ती बरेच भाग धरून ठेवते. प्रार्थना करते, टोमणे मारते, गप्प बसते, पुन्हा डबा भरून देते. मालिका केनीच्या नावानं चालते खरी, पण तिचं इंजिन आई आहे.

आपल्याकडची मुलं ‘कमिंग आउट’ हा शब्द वापरतात, नाही असं नाही. पण दोघं भेटले की प्रश्न वेगळाच असतो: “घरी सांगितलंस का?” किंवा “घरी माहितीये?” इंग्रजीतला माणूस कपाटातून बाहेर येतो. आपला माणूस घरी सांगतो. बाहेर येण्यात एकट्याची मर्दुमकी आहे. सांगण्याला ऐकणारं कुणी लागतं, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा हीच खरी गोष्ट असते. विनोदी मालिकांनी हे नाटकांपेक्षा आणि गंभीर सिनेमांपेक्षा आधी ओळखलं, असं माझं मत आहे. गंभीर सिनेमात मुलगा रडतो, बाप दार आपटतो, आणि धर्म म्हणजे भिंतीवरचा क्रॉस. विनोदाला एवढ्यानं भागत नाही. त्याला ऐकणारी बाई पुढचे वीस भाग स्वयंपाकघरात वावरताना दाखवायची असते. ती देवाला सोडणार नाही, मुलालाही सोडणार नाही. मग ती करते काय? घासाघीस.

ओनील कुटुंबाची कल्पना डॅन सॅवेज यांच्या आयुष्यावर ढोबळपणे बेतलेली. सॅवेज १९६४ साली शिकागोत जन्मले. वडील पोलीस आणि चर्चमध्ये डीकन, आईही चर्चच्या कामात. ते स्वतः पाद्री घडवणाऱ्या शाळेत शिकले. पुढे सिएटलला जाऊन १९९१ पासून लैंगिक सल्ल्याचा इतका रोखठोक स्तंभ चालवला की निम्मी अमेरिका चोरून वाचू लागली. रिक सँटोरम या कर्मठ राजकारण्याच्या आडनावाला त्यांनी वाचकांच्या मदतीनं जो अर्थ चिकटवला, तो दिवाळी अंकात छापण्यासारखा नाही. २०१० साली गे मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या तेव्हा याच माणसानं जोडीदारासोबत कॅमेऱ्यासमोर बसून, दिवस पालटतात रे, थांबा, अशी समजूत घालणारी मोहीम सुरू केली.

म्हणून मालिकेवर जो हल्ला झाला तो बराचसा सॅवेजवर होता. कॅथलिक लीगच्या बिल डोनोह्यू यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन निषेध केला, इतर धार्मिक संघटनांनी सह्या गोळा केल्या, जाहिरातदारांवर दबाव आणला. ही सगळी तयारी एकही भाग दिसण्याआधीची. मालिका दिसली तेव्हा लक्षात आलं की ती चर्चची टवाळी करण्यापेक्षा चर्चच्या कुबट, उबदार, चहा-बिस्किटांच्या जगाला जीव लावून बसली आहे. उलट माझी तक्रार आहे की ती फार गोड होती. बावीस मिनिटांच्या शेवटी प्रत्येक वेळी मिठी. शिकागोच्या आयरिश घरात एवढ्या मिठ्या मारत असतील तर कमाल आहे. दोन हंगाम, २९ भाग, आणि मे २०१७ मध्ये एबीसीनं ती बंद केली.

स्वतः सॅवेज यांनी २००९ मध्ये ‘धिस अमेरिकन लाइफ’ या रेडिओ कार्यक्रमात आईच्या मृत्यूविषयी जे सांगितलं, ते या मालिकेच्या कुठल्याही भागापेक्षा खोल आहे. आई २००८ साली गेली. सॅवेज नास्तिक. पण आई गेल्यावर त्यांचे पाय सिएटलच्या कॅथेड्रलकडे वळू लागले. ज्या चर्चला आपण पापी वाटतो, त्याच चर्चमध्ये जाऊन बसायचं, कारण आई भेटण्याची जागा तीच. श्रद्धा उरली नव्हती, पण सवयीनं हात सोडला नव्हता.

हा सगळा रस्ता अमेरिकन टीव्हीनं एका दिवसात कापला नाही. ९ फेब्रुवारी १९७१ ला ‘ऑल इन द फॅमिली’च्या एका भागात कर्मठ आर्ची बंकरला कळतं की त्याचा धिप्पाड, फुटबॉल खेळलेला मित्र गे आहे. त्याचा विश्वास बसत नाही. हा भाग व्हाइट हाउसमध्येही पाहिला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात अध्यक्ष निक्सन आपल्या सहकाऱ्यांसमोर त्यावर बराच वेळ बडबडले, ग्रीक कशानं बुडाले, रोमन सम्राटांचं काय झालं, इथपर्यंत गेले. हे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्याच कचेरीतल्या टेपमुळे. विनोदी मालिका बघून साम्राज्याच्या ऱ्हासाची चिंता करणारा प्रेक्षक लेखकाला आणखी कुठे मिळणार!

मग ३० एप्रिल १९९७. ‘एलन’ मालिकेच्या नायिकेनं विमानतळावर चुकून चालू राहिलेल्या ध्वनिक्षेपकात सांगून टाकलं की ती लेस्बियन आहे, आणि कोट्यवधी लोकांनी ते ऐकलं. एलन डीजेनेरेस हिनं त्याच सुमारास ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर स्वतःबद्दलही तेच सांगितलं होतं. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरातल्या एबीसीच्या केंद्रानं तो भाग दाखवायला नकार दिला. तिथल्या गे संघटनेनं मोठं सभागृह घेतलं, उपग्रहावरून प्रक्षेपण मिळवलं, आणि खूप लोकांनी एकत्र बसून तो पाहिला. कर्मठ ‘बायबल पट्ट्या’तल्या त्या शहरात ज्यांनी उघडपणे एका खोलीत बसायचं नसतं, ते विनोदी मालिका बघायला एका छताखाली आले. पुढच्या वर्षी ‘विल अँड ग्रेस’ आली. तिनं अमेरिकन लोकांना जेवढं शिकवलं तेवढं क्वचितच कुणी शिकवलं असेल, असं २०१२ साली उपाध्यक्ष जो बायडन म्हणाले. त्या मालिकेत न्यूयॉर्कचा गे वकील होता, मोठं घर होतं, देव मात्र फारसा नव्हता. देव असलेल्या घरात ही गोष्ट नेणं हे पुढचं आणि अवघड काम.

ते सगळ्यात चांगलं कुणी केलं म्हणाल तर ‘वन डे ॲट अ टाइम’नं. जुनी मालिका १९७५ ते १९८४ चालली होती. २०१७ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर ती नव्यानं आली तेव्हा कुटुंब लॉस एंजेलिसमधलं क्युबन होतं. पेनेलोपी ही सैन्यातून परतलेली, नर्स म्हणून नोकरी करणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली आई. तिची मुलगी एलेना, मुलगा ॲलेक्स, आणि पडद्यामागे झोपणारी आजी लिडिया. ही आजी म्हणजे रीटा मोरेनो. तेव्हा वय पंच्याऐंशी, आणि पडदा सारून येते ती नर्तकीसारखी. लिडिया रोज देवाचं करते, चर्चमधली मिस्सा चुकवत नाही, नटल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, आणि नातीनं पंधराव्या वाढदिवसाचा ‘किन्सेन्येरा’ सोहळा थाटात करावा म्हणून हट्ट धरून बसते. नात म्हणते, मला मुली आवडतात.

आई पेनेलोपी आधुनिक आहे. ती लगेच मुलीला जवळ घेते, काही हरकत नाही म्हणते, आणि मग एकटी पडल्यावर तिच्या लक्षात येतं की आपल्याला हरकत आहे. कारण सापडत नाही. डोक्याला पटलंय, पोटात मात्र कालवतंय. मुलीबद्दल आपण मनात जी चित्रं काढून ठेवली होती ती पुसावी लागणार, एवढंच ते दुःख असतं आणि ते बोलून दाखवायची लाज वाटते. आजीबद्दल आपण सगळे धास्तावलेले असतो. देवभोळी, जुनी, आता भडका उडणार. लिडिया बसते आणि मोठ्यानं विचार करायला लागते. हे देवाच्या विरुद्ध आहे. पण देवानं आपल्याला त्याच्यासारखं घडवलं, आणि देव चुका करत नाही. शिवाय पोपच म्हणाले आहेत की न्याय करणारा मी कोण. आता देवाच्या आणि पोपच्या विरुद्ध जायला मी कोण लागून गेले? झालं. पटलं. अर्ध्या मिनिटात आजी पलीकडे पोचलेली असते आणि आधुनिक आई अलीकडेच उभी.

यातला पोपचा दाखला काल्पनिक नाही. पोप फ्रान्सिस २०१३ च्या जुलैमध्ये रिओहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलले होते, तेच ते वाक्य. त्या एका वाक्यानं कॅथलिक धर्माचा सिद्धांत तसूभरही हलला नाही, असं जाणकार सांगतात. पण लिडियासारख्या आज्या सिद्धांत वाचत नाहीत, त्या पोपचा चेहरा वाचतात. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकननं समलिंगी जोडप्यांना पाद्र्यानं आशीर्वाद द्यायला मुभा दिली, विवाहाचा दर्जा मात्र नाही. लिडियानं तो निर्णय जवळपास सात वर्षं आधीच, स्वयंपाकघरात, घेऊन टाकला होता.

या मालिकेचे भाग मी माझ्या मावशीबरोबर पाहिले. हिवाळा होता, ती मटार सोलत होती, मी पडद्यावरचं मराठीत सांगत होतो. मावशी गुरुवार करते, एकादशी करते, आणि टीव्हीवरच्या परक्या बायकांना नावं ठेवते. तिला पहिली अडचण आली ती मागून ऐकू येणाऱ्या हशाची. “हे हसतायत कोण?” मी म्हटलं, समोर प्रेक्षक बसलेले असतात. “एवढी माणसं घरात बसवून कोण सांगतं असलं?” मग लिडियाचं भाषण आलं. मावशीचा हात शेंगेवर थांबला. भाषण संपलं आणि ती म्हणाली, “म्हणजे पोपनं सांगितलं म्हणून झालं? आमच्याकडे विचारायचं कुणाला?”

या प्रश्नावर मी बरेच दिवस अडकलो. आमच्याकडे रोमला बसलेला कुणी नाही. मावशीच्या धर्मात या विषयावर एकच एक आज्ञा नाही आणि ती मागे घेणारा अधिकारीही नाही. कॅथलिक आजीला देवाशी भांडावं लागतं, तर मावशीला भांडायचं आहे ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी. पाप हा शब्द आपल्या घरात या संदर्भात क्वचित निघतो. निघतो तो ‘लोक’, मग ‘घराणं’, मग ‘वंश’. आणि लोकांना विमानात गाठून कुणी पत्रकार प्रश्न विचारत नाही.

याचा सर्वांत मजेशीर पुरावा मुंबईतच छापून आला. मे २०१५ मध्ये ‘मिड-डे’त एका आईनं वर पाहिजे अशी जाहिरात दिली, आपल्या मुलासाठी. मुलगा म्हणजे समलिंगी हक्कांसाठी काम करणारे हरीश अय्यर, आई पद्मा. इतर वृत्तपत्रांनी ती जाहिरात नाकारली होती. मजकूर अगदी रविवारच्या पुरवणीतला: मुलाचं वय, उंची, नोकरी, वर शाकाहारी आणि प्राणिप्रेमी हवा, जातीची अट नाही. आणि कंसात, अय्यर असल्यास प्राधान्य. त्या कंसावरून भरपूर टीका झाली, ते गमतीत लिहिल्याचा खुलासाही झाला. गंमत असो वा नसो, मला तो कंस म्हणजे भारतीय लिडियाचं भाषण वाटतो. आई एवढी मोठी उडी मारते, आणि उडी मारतानाही पदर सावरते. मुलगा जावई आणणार तर आणू दे, पण सांबार तरी आपल्यासारखं खाणारा असावा. एखादा पटकथाकार हे सुचावं म्हणून वर्षभर डोकं खाजवेल.

मराठीत ही माणसं आलेलीच नाहीत असं कुणी म्हणू नये. तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली पुस्तकरूपात. दोन्हींचा सूर एकाकी, जखमी. प्रत्यक्ष आयुष्यात बघायचं तर गोव्याच्या कॅथलिक समाजातले फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २००२ मध्ये आपल्या फ्रेंच जोडीदाराशी फ्रेंच कायद्याखाली नातं नोंदवलं, उजळ माथ्यानं राहिले, २०१४ मध्ये पद्मश्री घेतली. म्हणजे आयुष्यात हे सारं चालू आहे. विनोदाच्या वाट्याला मात्र आपण काय ठेवलंय? साडी नेसून, छाती सावरत प्रवेश करणारा पुरुष. बालगंधर्वांच्या शालूला आपण नमस्कार केला आणि त्याच साडीला टीव्हीवर शिट्ट्या वाजवल्या. त्या सोंगाला प्रेक्षक पोट धरून हसतात. त्याच प्रेक्षकांच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या टोकाला बसून, एखादा मुलगा कसंनुसं हसत असतो. विनोद त्याच्याकडे वळतच नाही.

हिंदीत २०२२ च्या ‘बधाई दो’नं वाट दाखवली. दिग्दर्शक हर्षवर्धन कुलकर्णी. देहरादूनचा पोलीस आणि शाळेत व्यायाम शिकवणारी मुलगी, दोघंही समलिंगी, घरच्यांच्या समाधानासाठी एकमेकांशी लग्न करतात. शेवटी मूल दत्तक घेतल्यावर घरात होम होतो आणि त्या होमाला दोघांचे खरे जोडीदारही बसतात. आजूबाजूला नातेवाईक अवघडलेले, भटजी मंत्र म्हणतोय, धूर डोळ्यांत जातोय. कुणाचं मतपरिवर्तन झालंय असं दिसत नाही. फक्त पाट वाढवलेत.

‘वन डे ॲट अ टाइम’मध्येही मतपरिवर्तनाचं भाषण नाही. किन्सेन्येरासाठी लिडिया स्वतः शिवणयंत्रावर बसून नातीचा झगा शिवते. नात तो घालते, काही बोलत नाही, पण आजीला दिसतं की पोरगी त्यात अवघडलीय. समारंभाच्या तोंडावर आजी तो झगा उसवते आणि त्याचा पांढरा सूट करते, विजार आणि कोट. एलेना तो घालून बाहेर येते तेव्हा पहिल्यांदा ताठ उभी राहते. बाप मात्र बापलेकीच्या नाचाआधीच निघून गेलेला असतो. ती सभागृहाच्या मध्ये एकटी उभी. मग आई पुढे होते, मागोमाग भाऊ, आजी, बाकी सगळे. मावशीनं इथं मटाराची परात बाजूला ठेवली आणि बापाला एक शिवी दिली. ती इथं छापत नाही.

नेटफ्लिक्सनं २०१९ च्या मार्चमध्ये, तीन हंगामांनंतर, ही मालिका बंद केली. चाहत्यांनी आरडाओरडा केला, मग पॉप टीव्ही या वाहिनीनं चौथा हंगाम केला. इकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा फास सोडवला, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे प्रेम गुन्हा नाही, पण वऱ्हाड काढता येणार नाही. यात विनोद नाही असं कोण म्हणेल?

मराठी मालिका लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझं सांगणं एवढंच. उद्या वाहिनीनं हा विषय मागितला तर नायकाच्या अश्रूंपासून सुरुवात करू नका. आधी आजी लिहा. तिचा गुरुवार, तिचा जप, तिची तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी चढाओढ, तिचं शिवणयंत्र, सगळं नीट लिहा. मग नातवाला तिच्यासमोर बसवा आणि बोलू द्या.